काडतुसांची टंचाई आणि टंचाईची किंमत

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अंबरनाथ येथे संरक्षण खात्याने उभारलेला कारखाना आहे. काडतुसांच्या पितळी कोशांसाठी लागणारे धातुकाम तेथे होत आले आहे. त्याच मार्गाने पुढे कर्जतला जादा इंजिने जोडून गाडी बोरघाट चढली आणि पुण्याच्या वेशीवर पोहोचली की खडकीचा दारूगोळा कारखाना लागतो. त्याची स्थापना १८६९ सालची. बाराबोरच्या बंदुकीत जाणारी ‘शक्तिमान’ काडतुसे याच कारखान्याची, आणि त्यांच्या बुडावरची ‘के. एफ.’ ही अक्षरे परवानाधारकांच्या दोन-तीन पिढ्यांच्या परिचयाची आहेत. या दोन कारखान्यांच्या मधल्या पट्ट्यात कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे दोन डोंगरी तालुके वसलेले आहेत. भादव्यात भात निसवले, लोंबीत दूध भरू लागले की येथला शेतकरी शेताच्या बांधावर माळा घालून रात्र जागवतो आणि डबे बडवून, आरोळ्या ठोकून रानडुकरे हाकलतो. अशांपैकी ज्या थोड्यांपाशी शेतीसंरक्षणाचा परवाना व बंदूक आहे, त्यांची नेहमीची तक्रार अशी की, बंदूक आहे पण काडतूस नाही. आणि जेव्हा काडतूस मिळते तेव्हा हंगाम टळलेला असतो.

दारूगोळ्याच्या कारखान्यांच्या मधोमध राहणाऱ्याला चार काडतुसे वेळेवर मिळू नयेत, हे चमत्कारिक वाटते. त्याचे एक सोपे स्पष्टीकरण चावडीवर नेहमी ऐकू येते. सरकारच सगळा माल उचलते, मग सामान्य माणसाला काय उरणार, असे ते स्पष्टीकरण. सोपी स्पष्टीकरणे बहुधा अर्धीच खरी असतात. हेही तसेच आहे, आणि त्याचा खरा अर्धा भाग कोणता व खोटा कोणता, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण रोगनिदान चुकले तर उपायही चुकतो.

अमेरिकेतील धडा

सरकारी खरेदीमुळे नागरिकांना गोळ्या मिळेनाशा झाल्या, हा आरोप जगात सर्वांत मोठ्या आवाजात झाला तो अमेरिकेत, २०१२ व २०१३ या दोन वर्षांत. तेथील अंतर्गत सुरक्षा खात्याने काही वर्षांच्या खरेदीसाठी काढलेल्या निविदांची बेरीज करून हे खाते दीड अब्जाहून अधिक गोळ्यांचा साठा करीत आहे, अशी हाकाटी झाली. दुकानांतील फळ्या तर खरोखरच रिकाम्या झाल्या होत्या. तेव्हा रिकामी फळी आणि सरकारी निविदा यांचा संबंध जोडण्यास लोकांना वेळ लागला नाही. पुढे तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. निविदांतील आकडे ही कमाल मर्यादा होती, प्रत्यक्ष खरेदी नव्हे. २०१३ या आर्थिक वर्षात खात्याने सुमारे ८ कोटी ४० लाख गोळ्या घेतल्या आणि ती खरेदी आधीच्या पाच वर्षांतील कोणत्याही वर्षापेक्षा कमी होती, असे त्यातून निष्पन्न झाले. मग टंचाई आली कोठून? डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील एका शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर नवे निर्बंध येणार, या धास्तीने लोकांनी मिळेल तितका माल घरात भरला. टंचाईच्या भीतीनेच टंचाई निर्माण केली. दिवाळीच्या तोंडावर साखर संपणार अशी आवई उठली की भरल्या दुकानातील साखर संध्याकाळपर्यंत संपते, यातलाच हा प्रकार.

तात्पर्य, खुल्या बाजारात सरकार हे अनेक गिऱ्हाइकांपैकी एक मोठे गिऱ्हाईक असते. त्याची खरेदी फुगली तर कारखानदार जादा पाळी चालवतो, किंमत चढते आणि काही काळाने माल पुन्हा दिसू लागतो. भारतातील स्थिती मुळातच निराळी आहे. येथे दारूगोळा बनवणारे कारखाने दीर्घकाळ सरकारचे, त्यांचे मुख्य गिऱ्हाईक सरकार, नागरिकाला परवाना देणारे सरकार, आणि एका परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील हे ठरवणारेही सरकारच. बाहेरून माल आणण्याची वाटही सर्वसामान्य परवानाधारकाला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. ज्या बाजाराचे चारही दरवाजे एकाच्याच हाती आहेत, तेथील टंचाईचे खापर केवळ ‘खरेदी’वर फोडून चालणार नाही.

मोठे गिऱ्हाईकही उपाशी

सरकारने माल उचलला म्हणून नागरिकाला उरला नाही, असे म्हणावे तर सरकारचे कोठार भरलेले असावयास हवे होते. वस्तुस्थिती याच्या उलट होती. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात लष्कराच्या दारूगोळ्याची मोजदाद आहे. ४० दिवसांच्या घनघोर युद्धाला पुरेल इतका साठा असावा, असा दंडक होता. मार्च २०१३ मध्ये एकूण प्रकारांपैकी अवघे १० टक्के प्रकार त्या कसोटीस उतरत होते, आणि निम्म्या प्रकारांचा साठा १० दिवसांनाही पुरणारा नव्हता. २०१७ च्या अहवालात थोडी सुधारणा दिसली. तरीही सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या आतलेच होते. आयुधनिर्माण मंडळाकडून ठरल्याप्रमाणे पुरवठा होत नाही, हे त्यामागचे एक ठळक कारण म्हणून दोन्ही वेळा पुढे आले.

येथे टंचाईचे खरे यंत्र दिसू लागते. उत्पादक एकच असला आणि त्याला गिऱ्हाईक गमावण्याची भीती नसली, तर मोठ्या गिऱ्हाइकालाही रांगेत उभे राहावे लागते. मग छोट्याची काय कथा? लष्कराची मागणी आधी पुरवावयाची, त्यानंतर निमलष्करी दले व पोलीस, आणि यंत्रांना सवड उरली तर नागरी व्यापार, असा आयुधनिर्मितीतील प्राधान्यक्रम राहिला. तो चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. सीमेवरील जवानाच्या आधी शेतकऱ्याला काडतूस द्या, असे खुद्द शेतकरीही म्हणणार नाही. परंतु या क्रमात नागरी मागणी ही नेहमीच उरलेसुरले खाणारी ठरते. सीमेवर तणाव वाढला, तातडीच्या खरेदीचे अधिकार दिले गेले, की सर्वांत आधी कात्री लागण्याची शक्यता याच शेवटच्या वाट्याला असते.

१ ऑक्टोबर २०२१ पासून मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या. खडकी व वरणगाव हे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, अंबरनाथ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. खासगी कारखानदारांनाही या क्षेत्राचे दार उघडले असून फेब्रुवारी २०२४ मध्ये कानपूरला अदानी समूहाचा कारखाना सुरू झाला. वर्षाला १५ कोटी गोळ्या काढण्याची त्याची योजना जाहीर झाली. यातून लष्कराची व पोलिसांची नड भागण्यास मदत होईल. परंतु नव्या कारखानदाराची दृष्टीही साहजिकच मोठ्या, हमखास पैसे देणाऱ्या सरकारी मागणीवरच असणार. कर्जतच्या शेतकऱ्याची वर्षाकाठची मूठभर काडतुसे ही कोणाच्याच ताळेबंदात ठळक अक्षरांत येणारी बाब नव्हे.

शिधापत्रिका आणि परवाना

उत्पादनाइतकेच महत्त्व नियमनाला आहे. शस्त्रांवरील निर्बंधांची परंपरा १८७८ च्या कायद्यापासूनची. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. या अधिनियमाच्या १३ व्या कलमात शेतकऱ्याचा मुद्दाम उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, असे ते कलम सांगते. म्हणजे शेतकऱ्याची गरज कायद्याने केव्हाच मान्य केली आहे.

मान्य केलेली नाही ती गरज भागवण्याची जबाबदारी. ही गोष्ट शिधापत्रिकेशी तुलना केल्यास चटकन ध्यानी येते. शिधापत्रिकेवर धान्याचे जे प्रमाण लिहिलेले असते, ते देण्याचे दायित्व सरकारवर असते. धान्य आले नाही तर लोक तहसीलदाराला जाब विचारतात. शस्त्रपरवान्यावरही काडतुसांचा आकडा असतो. एका वेळी जवळ किती ठेवावीत आणि वर्षभरात किती विकत घ्यावीत, हे त्यावर नमूद असते व दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद करतो. पण हा आकडा केवळ कमाल मर्यादेचा. तेवढी काडतुसे मिळतीलच, ती भात निसवण्यापूर्वी मिळतील, परवडेल अशा किमतीत मिळतील, यांपैकी कशाचीही हमी कोणी देत नाही. नियंत्रण शिधावाटपाचे आणि पुरवठा मात्र नशिबाचा, असा हा विचित्र संकर आहे. अर्थशास्त्रात टंचाई वाटून देण्याचे दोन मार्ग सांगतात, किंमत आणि शिधा. येथे किमतीचा मार्ग सरकारने बंद केला आणि शिध्याचा मार्ग अर्ध्यावर सोडून दिला.

त्यात परवाना अलिबागचा, राखण कर्जतची. जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत एक हेलपाटा घालायचा तर पेण ओलांडून जाण्यायेण्यात दिवस मोडतो. शेजारच्या पनवेलमधील नेमबाजांची गोष्ट वेगळी. त्यांच्यामागे संघटना आहे, राष्ट्रीय महासंघ आहे आणि परदेशी गोळ्या आणण्यासाठी सवलतीही आहेत. खेळाडूंना त्या मिळाव्यात यात वाद नाही. परंतु ज्याच्यासाठी बोलणारे कोणी आहे त्याला वाट सापडते, आणि ज्याच्यासाठी नाही त्याला नियम सापडतात, एवढे मात्र त्यावरून दिसते.

निवडणूक आणि कापणी

काडतूस मिळालेच तरी प्रश्न संपत नाही. विधानसभेची निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. २००९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचे मतदान १३ ऑक्टोबरला झाले, २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला. कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याने ही तारखांची यादी वाचली तर त्याला ती भाताच्या हंगामाचे पंचांगच वाटेल. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेल्या कर्जत-१८४ सारख्या हळव्या जाती दसऱ्याच्या सुमारास कापणीस येतात, गरवे भात दिवाळीपुढे जाते. म्हणजे पीक उभे असते नेमके तेव्हाच बंदूक ठाण्याच्या कपाटात असते. सरसकट सर्वांच्याच बंदुका काढून घ्याव्यात, असे निवडणूक आयोगाला अभिप्रेत नाही. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे, पूर्वी दंगलीत सापडलेले अशांची छाननी समितीने छाननी करावी, अशी योजना आहे. पण छाननीस वेळ लागतो, सरसकट नोटिशीस लागत नाही. शासनयंत्रणेचा कल कोणीकडे झुकणार हे सांगणे नको.

वन्यजीवांचा कायदा हे तिसरे कुंपण. १९७२ च्या अधिनियमाने रानडुकराला संरक्षण आहे. वनखात्याची परवानगी असल्याखेरीज त्यावर गोळी झाडणे गुन्हा ठरतो. त्यामुळे बहुतेक वेळा बंदुकीचा उपयोग बार काढून कळप पिटाळण्यापुरताच. पीक एक आणि खाती तीन: गृह, वन आणि निवडणूक. प्रत्येकाचा नियम आपापल्या जागी रास्त आहे. परंतु तिन्ही नियम एकाच बांधावर येऊन मिळतात, तेव्हा तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या हाती डबा आणि काठी उरते.

टंचाईचे पर्याय

वैध वस्तू दुर्मिळ झाली की मागणी नाहीशी होत नाही, ती दुसरी वाट काढते. रानडुकरांसाठी खाद्यात लपवून ठेवलेले गावठी बॉम्ब, शेताभोवती सोडलेला विजेचा प्रवाह, विनापरवाना ठासणीच्या बंदुका, या वाटा कोकणात अपरिचित नाहीत. गावठी बॉम्ब चघळून गाय-बैलांचे जबडे फुटतात. उघड्या तारेला हात लागून माणसे दगावतात, त्यांत तार लावणाऱ्याच्याच घरचे असतात. परवान्याच्या काडतुसाची नोंद असते, त्याचा हिशेब घेता येतो. या वस्तूंचा हिशेब पंचनाम्याखेरीज कोठेच होत नाही. सुरक्षिततेसाठी घातलेला निर्बंध असा असुरक्षिततेला जन्म देतो.

याचा अर्थ काडतुसे मोकळी करावीत असा मुळीच नव्हे. बंदुकांचा सुळसुळाट झालेल्या समाजाची अवस्था काय होते, हे अमेरिकेच्याच उदाहरणावरून दिसते. मुंबईपासून दोन तासांवर असलेल्या, बंगले व फार्महाऊसे वाढत चाललेल्या तालुक्यांत शस्त्रांचा प्रसार झाला तर तो शेतकऱ्याच्या हाती थांबणार नाही. एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील, ही डिसेंबर २०१९ ची दुरुस्ती याच जाणिवेतून आली. तेव्हा नागरिकांपुरती काडतुसांची टंचाई हा अपघात नसून बऱ्याच अंशी धोरण आहे, आणि ते धोरण समर्थनीय आहे. मात्र ते धोरण असेल तर त्याची किंमतही धोरणाप्रमाणेच उघडपणे मांडली पाहिजे आणि ती सर्व समाजाने उचलली पाहिजे.

आज ही किंमत कोण मोजतो? ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला नुकसानभरपाईचा अर्ज तरी करता येतो. मुदतीत कळवावे, पंचनामा व्हावा, मग रक्कम यावी, अशी ती साखळी आहे. पण दळीची जमीन कसणाऱ्या ठाकर-कातकऱ्याचे काय? भीमाशंकर अभयारण्याच्या आणि माथेरानच्या पायथ्याशी, जंगलाला अगदी खेटून, नाचणी-वरीचे तुकडे त्याचे असतात. डुकरे पहिल्यांदा उतरतात ती त्याच्याच शेतात. त्याच्यापाशी बंदूक नाही, परवाना नाही आणि पुष्कळदा जमिनीचा कागदही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याचा निकाल लागेपर्यंत भरपाईच्या दप्तरात त्याचे शेत अस्तित्वातच नसते. दुसरीकडे, शहरातील माणसांनी गुंतवणूक म्हणून घेतलेल्या जमिनी पडीक राहतात, त्यांवर रान माजते आणि कळपांना दिवसाचा आसरा मिळतो. आसरा एकाच्या जमिनीत, नासाडी दुसऱ्याच्या.

हमीचे काय

उपाय फार मोठ्या खर्चाचे नाहीत. शेतीसंरक्षणाचे परवाने इतर परवान्यांपासून वेगळे मोजावेत आणि त्यांच्या वर्षाच्या काडतुसांचा ठराविक वाटा मृग निघण्यापूर्वी जिल्ह्यात पोहोचता करावा. तो वाटा इतका लहान असेल की संरक्षण दलांच्या पुरवठ्यावर ओरखडाही उठणार नाही. परवान्यावरील आकडा शिधापत्रिकेवरील आकड्यासारखा मानावा. मर्यादा घालायची तर हमीही द्यावी, आणि हमी देता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. निवडणुकीत छाननी समितीने शेतीसंरक्षणाच्या परवान्यांचा विचार आधी आणि वेगळा करावा. ज्याच्याविरुद्ध काही नोंद नाही त्याची बंदूक कापणी संपेपर्यंत त्याच्यापाशीच राहू द्यावी.

याहून महत्त्वाची गोष्ट भरपाईची. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान २०२६ च्या खरीपापासून पीकविम्यात घेण्याचे जाहीर केले. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र ७२ तासांत भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह तक्रार करण्याची त्यातील अट दळीवरच्या कातकऱ्याला पेलणारी नाही. ग्रामपंचायतीच्या पातळीवर ती नोंद करून देणारा माणूस हवा, आणि वनहक्काचा दावा दाखल असलेल्या जमिनीही तीत धरल्या पाहिजेत. भरपाई ही कृपा नाही. राज्यसंस्थेने शस्त्र वापरण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला आणि तो ठेवणे योग्यच आहे. मग ज्याच्या हातून तो काढून घेतला त्याच्या शेताची राखण हीदेखील राज्यसंस्थेकडेच आली.

देशाच्या संरक्षणासाठी दारूगोळ्याची कोठारे भरली जावीत, त्यात कमतरता राहू नये, याविषयी दुमत नाही. पण देशाचे संरक्षण ज्याच्या धान्यावर उभे राहते, त्याचे एक रात्रीत उद्ध्वस्त झालेले खाचर कोणत्याच साठ्याच्या हिशेबात येत नाही. घाटाच्या वर आणि खाली कारखाने चालू आहेत, आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात दर भादव्यात माळे उभे राहतात. त्या माळ्यावरच्या माणसाला काडतूस द्यायचे की भरपाई, याचा निर्णय सरकारने करावा. दोन्ही न देण्याचा निर्णय मात्र आजवर कोणीही उघडपणे केलेला नाही. तो न करताच अमलात आलेला आहे.